एकशिंगी म्हैस

मंगळवार पेठेतल्या दूधकट्ट्यावर पारूबाई रोज संध्याकाळी आपली एकशिंगी म्हैस बांधायच्या आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायच्या. शेजारची साक्षी पेलाभर दूध पिऊन तासभर गप्पा छाटत बसायची. तिलाच एकदा पारूबाईंनी सांगितलं, की नवरा वारला हे खोटं, तो दुसरीबरोबर पळून गेलाय. हे पोटच्या मोनालाही ठाऊक नव्हतं.

साक्षीनं कट्ट्यावरच्या बायकांच्या खऱ्या हकिकतींचं पुस्तक लिहिलं. त्याला लेखिकांच्या ललितेतर पुस्तकासाठीचा पुरस्कार मिळाला. शाल पारूबाईंच्याच हातून द्यायची म्हणून मायलेकींना मानानं नेलं. परीक्षकांनी सर्वांत धाडसी म्हणून नेमकं त्या पळून गेलेल्या नवऱ्याचंच पान वाचलं. टाळ्या पडल्या. मोना उठून बाहेर गेली. शाल पारूबाईंच्या हातातच राहिली.

"नाव बदललंय की, मावशी," साक्षी म्हणाली.

नाव बदललंय म्हणे. आख्ख्या पेठेत एकशिंगी म्हैस एकच हाय, ती बदलायला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी साक्षी नेहमीसारखी कट्ट्यावर आली आणि पेल्यासाठी हात पुढं केला. पारूबाईंनी तिच्याकडं नीट बघितलं.

"कुठलं म्हणायचं, पावणं?"