नाव तेवढं सोजरबाईंचं

माझी नणंद वासंती आधी पत्रकारिता शिकली, मग वकिली. आमच्या कोथरूडच्या घरी तिला बघायला येणारे विचारायचे, "मग मुलगी नक्की करणार काय?" सासरे म्हणायचे, "आम्हीही तेच विचारतोय."

लग्न जमलं नाही. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. आपल्या शिकण्याचा एखाद्याला तरी उपयोग झालेला बघायचा, एवढंच तिच्या मनात होतं.

पगारी नोकरी धरली की वकिलाला सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, बंद ठेवावी लागते. पेपरात नोकरी लागली तेव्हा तिने ती बंद करून घेतली. तिला वाटलं, कायदा कळणारी बातमीदार म्हणजे आपली किंमत होईल. पेपरने तिला टेबलाशी बसवलं. दुसऱ्यांच्या बातम्या वाचायच्या, खटला होईल असं काही दिसलं की काढून टाकायचं. संपादक श्यामराव तिला "वकीलबाई" म्हणत. कोर्टातले जुने सोबती भेटले की म्हणत, "पत्रकार आल्या, तोंड सांभाळा."

वारजे महापालिकेत आलं, त्या सुमारास ओळखीतून सोजरबाई घरी आल्या. विधवा, मूलबाळ नाही. दिरांनी जमीन बिल्डरला लिहून दिली, त्यात यांचा वाटाही गेला. सातबाऱ्यावर यांचं नाव होतं, व्यवहारात यांची सही नव्हती.

"ताई, माझं नाव घाला पेपरात," त्या म्हणाल्या. "मी काय कुणाला भितीया व्हय?"

वासंती स्वतः वारज्याला गेली, कागद पाहिले, बिल्डरला भेटली, बातमी लिहिली. त्या रात्री जेवताना ती भरभरून बोलत होती. कित्येक वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती.

बातमी वाचून श्यामराव म्हणाले, "या बिल्डर गृहस्थांची पाडव्याला पानभर जाहिरात आहे. तुम्हीच सांगा वकीलबाई, छापण्याजोगं आहे का?"

"आहे. सगळ्याला कागद आहेत."

"मग छापू की. आम्ही कुठे नाही म्हणतोय?"

आणि छापली. बिल्डर झाला 'एक बांधकाम व्यावसायिक'. दीर झाले 'काही नातेवाईक'. सोजरबाईंचं मात्र नाव, आडनाव, वय, देवळामागचं घर, सगळं जसंच्या तसं.

वासंती तावातावाने संपादकांच्या खोलीत गेली. श्यामराव शांत होते. "रोज तुम्ही करता तेच आज मी केलं. खटला भरतील त्यांची नावं काढली. त्या बाई काय खटला भरणार आपल्यावर?"

रोज तिचाच हात तसा चालत होता.

तिने नोकरी सोडली. खेटे घालून सनद पुन्हा चालू करून घेतली. सोजरबाईंचा दावा आपणच लावायचा, फी घ्यायची नाही, असं तिने ठरवलं. मी वकीलपत्राचा कागद देवापुढे ठेवला, निरांजन लावलं आणि तिच्यासोबत वारज्याला गेले.

सोजरबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. दिरांनी सामाईक नळाचं पाणी तोडलं होतं. भावकीने बोलणं टाकलं होतं. पुतण्याच्या लग्नाचं आवतनही आलं नव्हतं.

"घराण्याची अब्रू पेपरात टाकली म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "काल दिली सही. बिल्डिंगीत एक खोली देत्यात."

"दाब टाकून घेतलेली सही मोडता येते, सोजरबाई. मी उभी राहते कोर्टात."

"पेपरातबी तुमीच व्हता की. त्यांची नावं गेली, माझं तेवढं ऱ्हायलं." आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. मग त्या पुढे सरकल्या. "ताई, एक करा. आता मिटलंय म्हनून छापाय सांगा. पेपरातच आलं तर भावकी बोलंल माझ्याशी. एवढं छापतील का?"

वासंतीने कागद पिशवीत घातला. "नाही छापणार," ती म्हणाली.

आता ती कोर्टाबाहेर बसून भाडेकरार करते, प्रतिज्ञापत्रं करते. पत्रकारिता शिकल्याचं कुणाला सांगत नाही. संध्याकाळी देवापुढे बसले की सोजरबाईंसाठी काय मागायचं ते मला कळतं. वासंतीसाठी काय मागावं, ते काही केल्या सुचत नाही.