माठावरचे अळीव

दादांचा फोन आला तेव्हा मी खिडकीपाशी ताटात अळीव निवडत बसले होते. अळिवात बारीक खडे फार, आणि माझा चष्मा जुना. "सुमन, आक्का गेली गं," एवढंच दादा म्हणाले. मग, सगळं नीट सांगितलंच पाहिजे असं वाटल्यासारखं, "दुपारचं जेवली. माठात पानी भरलं. जरा पडते म्हनली... आन् उठलीच न्हाई." मी जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होते. दिवसभर बोलायचा पगार घेतला मी. पण त्या वेळी माझ्या तोंडून "हॅलो, हॅलो" याखेरीज काही निघेना. दादाच शेवटी म्हणाले, "लाईन हाय गं, तू ये." ताटातले अळीव तसेच डब्यात भरले आणि आम्ही सांगलीहून कोरेगावला निघालो. ते अळीव आक्काच्याच नावाचे होते, पण ते पुढे सांगते.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. दादा माझे मोठे दीर, कोरेगावात त्यांची पिठाची गिरणी. मी सांगलीची पोर, आईविना वाढलेली, तोंडानं फटकळ आणि स्वयंपाकात शून्य. लग्न होऊन कोरेगावात आले तेव्हा माझी पहिली भाकरी बघून आक्का म्हणाली होती, "ही तव्यावर टाकायची का दाराला लावायची?" आणि मग ती भाकरी तिनं स्वतःच खाल्ली, सासूबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून. आमचं तेव्हापासून जमलं. मी तिला शेवटपर्यंत 'आक्का, तुम्ही' म्हणायची, ती मला 'सुमे' म्हणायची, क्वचित कौतुकाची वेळ असली तर 'सुमन'. कौतुकाच्या वेळा कमीच यायच्या.

आक्काला मूल नव्हतं. घरात त्यावर कोणी भांडत नव्हतं, टोमणे नव्हते, दादांनी तर कधी चकार शब्द काढला नाही. पण ओटी भरायची वेळ आली की आक्काला शेगडीवर काहीतरी काम निघायचं. ते काम तिनं स्वतःच काढायची सवय लावून घेतली होती, म्हणजे कोणाला सांगावं लागू नये. हे माझ्या लक्षात यायला माझ्या लेकीचा, स्वातीचा, जन्म व्हावा लागला. मला माहेर नव्हतंच, म्हणून बाळंतपण सासरी, कोरेगावात. ऐन थंडीचे दिवस. आक्कानं ओळखीच्या बाईकडून नारळ आणवले, त्यांच्या पाण्यात अळीव भिजत घातले, गूळ चिरून ठेवला. बाळंतिणीला अळिवाचे लाडू म्हणजे दुधाची बेगमी. भिजून टम्म फुगलेले ते बुळबुळीत अळीव घेऊन ती चुलीपाशी बसली आणि सासूबाई आल्या. रागावल्या नाहीत हो. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "थोरले, तू र्‍हाऊ दे. बाळंतिणीचं हाय. लेकुरवाळीचा हात लागू दे."

मी चार हात अंतरावर खाटेवर बसले होते, मांडीवर स्वाती. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. एवढीशी नजर, फार तर चहाचा घोट घेईपर्यंतची. मी म्हणायला हवं होतं, सासूबाई, माझे लाडू आक्काच करतील. चार-पाच शब्द. ऑफिसात मी एका दमात त्याच्या पन्नासपट बोलायची. मी स्वातीचं दुपटं सारखं केलं... ते सारखंच होतं. शेजारच्या चार पोरांच्या आईला बोलावून लाडू वळले गेले. मी ते खाल्लेही.

पातेल्याला चिकटून राहिलेले अळीव आक्कानं हातानं निपटले आणि मोरीत टाकायच्या ऐवजी माठाभोवती गुंडाळलेल्या ओल्या पोत्यावर थापले. का थापले, हे मी पुढे विचारलं तर म्हणाली, "आगं हाताला लय चिकटलं व्हतं, पुसलं." असेलही. पण पाचव्या दिवशी आक्का माझ्या खाटेपाशी आली, पदराखाली ताटली. ताटलीत अर्धी भाकरी, तिच्यावर तेल, शेंगदाण्याची चटणी आणि वर हिरव्यागार बारीक देठांची एक मूठ. माठाला हिरवं अंगडं घातल्यासारखे अळीव उगवले होते. "लाडू दुसरीनं केलं," आक्का म्हणाली, "ह्ये म्या पेरलंय. खा." बाळंतिणीनं कच्चा पाला खायचा नसतो म्हणतात. मी खाल्ला. मोहरीसारखा झणका थेट नाकात गेला, डोळ्यांतून पाणी आलं आणि आक्का तोंडात पदर कोंबून हसायला लागली. पोरीला पोटदुखी होते का म्हणून मी दोन दिवस धास्तीत होते. पोरगी झकास झोपली.

तिथून हे वेड लागलं. सांगलीला माझी बदली झाली, आम्ही बिऱ्हाड हलवलं, पण दर खेपेला कोरेगावात गेलं की आधी माठ बघायचा. आक्का कशावरही अळीव पेरायची. फुटकी चाळण, जुन्या डब्यांची झाकणं, दादांचा झिजलेला टॉवेल. माती नको, खत नको, ऊनसुद्धा बेतानं. ओलं फडकं आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. दुसऱ्या दिवशी बी तडकतं, आठवड्याच्या आत कात्री लावायची. दह्यात, पिठल्यावर, नुसत्या भाकरीत. सुगीच्या हंगामात गिरणीवर गर्दी व्हायची तेव्हा दळणाला आलेल्या बायकांना आक्का पाला चाखवायची आणि मग अर्धा कोरेगाव फडकी भिजवत बसायचा. दादांनी मात्र जन्मात त्याला तोंड लावलं नाही. "शेळीचा चारा" म्हणायचे. "मंग तुमी बोकूड न्हवं, बरं झालं," असं आक्का शांतपणे म्हणायची आणि त्यांच्या ताटात लोणचं वाढायची.

आणि नावं... ती तर आमच्या घरातली मोठीच मौज. स्वाती चार वर्षांची झाली तेव्हा आक्कानं ताटात ओलं फडकं अंथरून त्यावर चिमटी-चिमटीनं बी टाकून तिचं नाव पेरलं. आक्काची शाळा चौथीपर्यंत, अक्षर मात्र दगडात कोरल्यासारखं. पाच दिवसांनी ताटात हिरवंगार 'स्वाती' उभं राहिलं. मग कापायचं, वाटून खायचं, कोणाला कुठलं अक्षर यावरून भांडायचं. दर वाढदिवसाला आक्का ते ताट मांडीवर घेऊन कोरेगावहून मिरजेकडच्या पॅसेंजरनं सांगलीला यायची. एकदा ताट उघडलं तर त्यात नुसतं 'ती'. स्वातीनं भोकाड पसरलं. आक्का शांत. "समोर एक बाई बसली व्हती. ह्ये काय म्हनून इचारलं. सांगून कळंना, मग खायला दिलं. तिला लय आवडलं तर काय म्हनू, न्हाई म्हनू?" वर, "पुढच्या साली मोठ्ठं पेरते, गाडीतल्यांचं धरून." आणि खरंच, पुढच्या वर्षी ताटाच्या कडेनं एक हिरवी पट्टी होती, ती प्रवाशांची.

घरातल्या सगळ्यांची नावं अशी उगवली आणि भाकरीबरोबर पोटात गेली. माझं, माझ्या नवऱ्याचं, एकदा तर सासूबाईंचंसुद्धा, आणि त्यांनी ते कौतुकानं खाल्लं. आक्काचं तेवढं कधी उगवलं नाही, कारण तिचा वाढदिवस कोणालाच माहीत नव्हता. "पाऊस लय पडला व्हता म्हनं," एवढीच नोंद. "कुठला तरी दिवस धरूया की," मी दरवर्षी म्हणायची, दरवर्षी राहून जायचं. पण खरं सांगू? माझं राहून गेलेलं ते एकच नव्हतं. बाळंतिणीच्या खाटेवर मी न बोललेली ती चार-पाच शब्दांची गोष्ट माझ्या घशात तशीच होती. आक्का माझ्याकडे यायची, हसायची, माझ्या पोरीचे लाड करायची, पण अळिवाचा लाडू तिनं कधी केला नाही आणि कोणी दिला तर खाल्ला नाही. "मला न्हाई आवडत," म्हणायची. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण ते सोयीचं होतं.

मागच्या माघात स्वाती बाळंत झाली, सांगलीला माझ्याकडेच. मुलगी झाली. आक्का दुसऱ्याच दिवशी पॅसेंजरनं हजर. सत्तरीच्या पुढची बाई, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात ताट. विहीणबाईही आल्या होत्या. भल्या बाई आहेत, आजही आमचं चांगलं आहे, म्हणून लिहिते. मी अळीव भिजवले होते, नारळ खवला होता. आक्का नेहमीसारखी उठून चहा टाकायला निघाली. आणि विहीणबाई, अगदी सहज, कोणाला दुखवायचं मनात नसताना म्हणाल्या, "पहिला लाडू लेकुरवाळीनं वळावा म्हणतात, नाही का?"

तोच शब्द. तोच मऊ आवाज. आणि मग बाई, मी बोलले. "विहीणबाई, ह्या घरात लेकुरवाळी आक्का आहेत. माझ्या पोरीला बोट धरून ह्यांनी चालवलं, ह्यांनी पेरलेलं खाऊन ती वाढली. लाडू आक्का वळतील. पहिला आणि शेवटचासुद्धा." आवाज जरा चढलाच असावा, कारण आतल्या खोलीतून स्वाती ओरडली, "आणि मला आक्काच्याच हातचा हवाय!" विहीणबाई स्वतःच पाट सरकवून म्हणाल्या, "या आक्का, बसा. मी गूळ बघते." आक्का बसली. गरम मिश्रण हातात घेतलं, चटके बसत होते तरी फुंकर घालत घालत वळलं. पहिला लाडू स्वातीला दिला. दुसरा तिनं तिथंच बसून स्वतः खाल्ला. मग तिसरा. मग आणखी एक. "आक्का, तुम्हाला आवडत नाहीत ना?" मी म्हटलं. तोंड भरलेलं असल्यामुळं तिनं नुसताच हात हलवला.

भांडी आवरताना आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "आक्का, मी तेव्हाच बोलायला हवं होतं. चुकलं माझं." तिनं पातेलं विसळलं, पालथं घातलं. "व्हय," म्हणाली. चुकलं नाही वगैरे काही नाही, सरळ 'व्हय'. मग माझ्याकडं बघून हसली, तसंच, पदर तोंडाशी नेऊन. "टेलिफोनवाली आन् लाईन लागायला इतकी वर्सं लागली व्हय गं सुमन?" मीही हसले आणि रडलेही, दोन्ही एकदम, आणि ती मला धपाटा घालून म्हणाली, "तू लय दिस इचारतीस ना माझा वाढदिस? आजचा धर. तू बोललीस त्यो."

तर हे अळीव. त्या दिवसाला वर्ष व्हायला आलं होतं, आक्काचं नाव ताटात पेरायचं मी ठरवलं होतं, आणि फोन आला. आम्ही कोरेगावात पोचलो तेव्हा घरभर माणसं होती आणि माठावर हिरवीकंच अळिवाची दाटी. पाणी शिंपडायचं कोणाला सुचलं नव्हतं, पण माठ आपला पाझरत होता. दादा त्याच्याकडं बघत बसले होते. तेरावा झाल्यावर मी त्यांना म्हटलं, सांगलीला चला, आक्काचा वाढदिवस आहे. त्यांना वाटलं मला काही झालंय.

ताट घेतलं, फडकं भिजवलं, चिमटीनं बी टाकलं. आक्काला सोपं जायचं ते मला जाईना. अळीव बोटाला चिकटायचे, काना वाकडा झाला, जोडाक्षराची तर गर्दीच झाली. पण पाचव्या दिवशी उगवलं. वाकडंतिकडं, हिरवंगार, 'आक्का'. आम्ही सगळे ताटाभोवती उभे, हातात कात्री, शेजारी गरम भाकऱ्या, आणि कोणाचा हात पुढं होईना. दादा म्हणाले, "तिचं नाव कापायचं व्हय गं?" तेवढ्यात स्वातीची पोर, नुकतीच उभी राहायला लागलेली, टेबलाला धरून पुढं आली आणि तिनं पहिल्याच अक्षरावर मूठ मारली. उपटलं आणि तोंडात. तिखट लागलं, नाक फेंदारलं, डोळे मिटले, सगळं अंग शहारलं. आम्ही श्वास धरून बघतोय, आता रडणार. तिनं डोळे उघडले आणि दुसऱ्या अक्षराकडं हात केला.

हसू आवरेना कोणाला. दादांनी खुर्ची ओढली, ताटाजवळ बसले. जन्मभर ज्याला शेळीचा चारा म्हणाले तो उरलेला पाला त्यांनी नातीच्या पंज्यातून हळूच सोडवून घेतला, भाकरीवर ठेवला आणि म्हणाले, "तेल वाढ गं जरा. आक्काला इचारायला पायजे व्हतं, कसं खात्यात."