दर दिवाळीला नवे चेहरे

दत्ताअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरी आलेल्या पाहुण्यांना त्यांचीच गोष्ट सांगत होतो. अगदी रंगात आलो होतो... रिसीव्हर ठेवला आणि ती गोष्ट तिथेच अर्धी राहिली.

मूळचे निपाणीचे दत्ताअण्णा बंगळुरात पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि तिथल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांचे पडदे रंगवायचे. त्यांनी रंगवलेला मखमली पडदा असा, की नवखा नट तो बाजूला सारायला जायचा आणि बोटं सपाट कापडावर आपटायची.

गोष्ट अशी. मंडळाच्या बालनाट्यात त्यांची वैजू राणी झाली होती आणि धाकटा मोहन राजा. अण्णांनी दोघांना शेजारी उभं करून मोठं तैलचित्र काढायला घेतलं. कपडे भाड्याचे, लगेच परत द्यायचे, म्हणून आधी कपडेच रंगवले. जरीचा काठ, मोत्यांची माळ, नक्षीच्या मोजड्या, सगळं. "चेहऱ्यांची काय घाई? ते घरातच आहेत," म्हणाले. मग कारखान्यात ओव्हरटाइम लागला. चेहऱ्यांना हात लागेपर्यंत मुलांचे दुधाचे दात पडून नवे आले होते. काढलेले चेहरे पुढच्या दिवाळीला जुने वाटले, म्हणून खरवडून पुन्हा काढले. मग दर दिवाळीला तेच! कपडे तेवढेच, डोकी वाढतायत. राजाला मिसरूड फुटलं, राणीला चष्मा लागला... अण्णांनी चष्माही इमानाने काढला.

एवढं आयतं मिळाल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसतोय होय? "अहो अण्णा, थिएटरबाहेरच्या कटआउटला भोकं पाडून पोरांनी डोकी बाहेर काढलीत की!" अण्णा हसायचे. "सरी, सरी," असा कानडीत होकार भरायचे, "मोठी होतायत हो, मी काय करू?" गणपतीत मी हा प्रसंग स्टेजवर साभिनय करायचो. चष्मेवाली राणी करताना गुडघ्यांवर चालायचो. लोक हसून लोळायचे. पहिल्या रांगेत वैजू बसलेली असायची, कॉलेजात जाणारी. तीही हसतेय, असंच मी धरून चाललो होतो.

शोकसभेत हीच गोष्ट सांगायची, हेही मी ठरवून टाकलं होतं. चित्र शेजारी ठेवावं म्हणून ते आणायला त्यांच्या घरी गेलो. सुमनवहिनींनी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. भिंतीवर चौकट तीच होती. समोर गाद्यांचा ढीग, आणि त्याच्या वर, चौकटीत, नुसता लाल मखमली पडदा. मी तो बाजूला सारायला गेलो. बोटं रंगावर आपटली.

"हे कधी केलं अण्णांनी?"

वैजू दारात उभी होती. "गेल्या गणपतीनंतर. तुमच्या कार्यक्रमाला माझ्या मैत्रिणी होत्या ना, काका. नंतर त्या घरी आल्या तेव्हा मी चित्रावर ओढणी टाकली. बाबांनी बघितलं..."

"रागावले?"

"छे. रविवारी रंग घेऊन बसले. आईला म्हणाले, पोरीला दर वेळी ओढणी टाकायला लागू नये. मला वाटलं, दिवाळीला पुसून टाकतील. पण यंदा त्यांनी ब्रशच हातात घेतला नाही."

मला तिच्याकडे बघवेना. हे लिहितानाही कान तापतात.

"खरवडून बघू या का, काका? खाली आम्ही असू ना?"

"पडद्याबरोबर खालचे चेहरेही खरवडून निघतील गं," मी म्हणालो.

सभेत माझं नाव पुकारलं तेव्हा लोक खुर्च्यांत सावरून बसले, आता हसायला मिळणार म्हणून. मी उठलो. वैजूने ते चित्र खुर्चीवर ठेवलं होतं, आणि गाद्यांमागे झाकलेला त्याचा तळ आता समोर होता. अण्णांनी पडदा पार खालपर्यंत ओढलाच नव्हता. त्याच्या काठाखाली नक्षीच्या मोजड्यांतले चार छोटे पाय दिसत होते... एंट्रीची वाट बघत विंगेत उभ्या असलेल्या पोरांचे दिसतात तसे.

मी खाली बसलो.