यात पोरांसाठी काय?

आमच्या कॉलेजातले कारकून प्रत्येक सरकारी परिपत्रक मोठ्याने वाचायचे, मग चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "यात पोरांसाठी काय?" बहुधा काहीच नसायचं. ते चिडून कागद फाईलला लावायचे.

पहिल्या वर्षानंतर मी कॉलेज सोडलं आणि कडोदऱ्याला यंत्रमागावर लागलो. परवा भर दुपारी ते थेट कारखान्यात शिरले! हातात कॉलेज सोडलेल्यांची यादी. मागाच्या खडखडाटात कानाशी ओरडले, "नवा नियम आलाय, बेटा! तुझं पहिलं वर्ष धरतात. सरळ दुसऱ्यात बस! चालो, सही कर!"

अर्ज त्यांनीच भरून आणला होता.

धागा तुटल्याशिवाय माग थांबवायचा नाही, ही आमची शिस्त. मी धडधडता माग थांबवला.