थोरलीचा सत्कार

कृष्णेकाठी कासवं वाचवायला निघालेल्या माणसाकडे कासवं कमी आणि किस्सेच जास्त जमतात. लोक हसतात, आमचं मात्र डोकं फिरतं. सांगलीतला आमचा ग्रुप तिघांचा: मी, माझी बायको सुनीता आणि गुळाचे व्यापारी भरतअण्णा. मागणी एकच. मासे धरायचं जाळं रात्रभर पाण्यात सोडू नका, दोन-दोन तासांनी उचला. अडकलेलं कासव जिवंत सुटेल.

*

मासेमारीच्या ठेकेदाराला हे सांगायला गेलो, तर तो पोट धरून हसला. "आवं अण्णा, पाण्यातलं जनावर पाण्यात बुडून मरतंय व्हय?"

सुनीता म्हणाली, "त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं."

"मग यावं की! आमी काय धरून ठेवलंय?"

*

मग सरकारी ट्रेनिंग झालं. समुद्रातल्या ट्रॉलरच्या जाळ्याला कासवासाठी दार कसं ठेवायचं, यावर साहेब तासभर बोलले. समोर बसलेले गडी गूळ करायच्या मोठ्या कढईची, काहिलीची होडी करून नदीत मासे धरणारे! एकजण उठला. "साहेब, आमच्याकडं ट्रॉलर न्हाई."

साहेब भडकले. "मग ट्रेनिंगला कशाला आलात?"

*

एकदा जाळ्यात मेलेलं कासव पोत्यात घालून अण्णा वनखात्याकडं तक्रार द्यायला गेले. अण्णा जैन, बटाटासुद्धा खात नाहीत. ऑफिसातल्या माणसानं पोतं उघडून बघितलं. "संरक्षित प्राणी हाय हा. तुमच्या ताब्यात कसा? आधी तुमचाच जबाब घेऊ!"

संध्याकाळी सोडलं.

*

आणि थोरली. घाटासमोरच्या वाळूत दरवर्षी अंडी घालणारी मोठी मादी. तिला काही होऊ नये म्हणून तर आमचा सगळा आटापिटा! एकदा ती जाळ्यात सापडली, पण आम्ही वेळेवर पोचलो आणि जिवंत सोडवली. ही बातमी आमच्या भागातल्या पुढाऱ्याला, भाऊंना लागली. झालं! सत्काराशिवाय तिला नदीत सोडायचं नाही, असा निरोप आला. त्याच संध्याकाळी घाटावर मांडव, हार, भाषणं. ठेकेदारानं स्टेजवर शपथ घेतली, "जाळं येळंवर उचलीन." कार्यकर्त्यांनी थोरलीच्या पाठीवर ऑइलपेंटनं लिहिलं: 'सौजन्य – भाऊ.'

अण्णा ओरडले, "आरं, पुसा ते!"

"रंग वाळू तरी द्या की अण्णा, मग पुसू."

टाळ्यांच्या गजरात तिला तशीच नदीत सोडली.

सकाळी आम्ही घाटावर गेलो. ठेकेदाराचा गडी जाळं ओढत होता. जाळ्यात थोरली, बुडून मेलेली. पाठीवरची अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

सुनीता रडत ठेकेदारावर धावून गेली. "कालच शपथ घेतलीत ना? जाळं का नाही उचललं?"

"कोण उचलणार, वैनी? समदी पोरं जेवणाला गेलती."

"कसलं जेवण?"

"आवं, हिच्याच सत्काराचं की!"