साडूभाऊंचा शेवटचा सिगार

आमचे साडूभाऊ एका जागी शांत बसलेत, असं दृश्य कुणी पाहिलं असेल तर त्याने मला येऊन सांगावं. मी त्याला आधी चहा पाजीन आणि मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जाईन. फरीदाबादहून आमच्याकडे मयूर विहारला येताना ते मंडी हाउसला मेट्रो बदलतात आणि दोन्ही गाड्यांमध्ये, अख्खा डबा रिकामा असला तरी, दाराशी उभे राहतात. कुणी उठून 'अंकल, बैठिए' म्हटलं तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यालाच परत बसवतात. जेवताना आमटी वाढायला उठतात, वाढून झाल्यावर मीठ आणायला उठतात, आणि मीठ पानात आहे असं सांगितलं की पंखा कमी करायला उठतात. त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. ताई म्हणतात की आमच्या लग्नात यांनी मनापासून केलेला एकच विधी म्हणजे सप्तपदी.

आणि अशा माणसाला देवाने शौक कुठला द्यावा, तर सिगारचा! विडी-सिगरेट ही चालत्या माणसाची चीज. दोन झुरके मारले, पायाखाली चिरडली, चलो. सिगारला तास-सव्वा तास बैठक लागते, आरामखुर्ची लागते, चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान लागतं. साडूभाऊंकडे यातलं काही नाही. ते आमच्या बाल्कनीत येरझाऱ्या घालत सिगार ओढतात. चार पावलं गेले की भिंत, वळायचं, चार पावलं आले की मोगऱ्याची कुंडी, तीत राख झाडायची. मोगरा चांगला फुलला की श्रेय ते राखेला देतात आणि आमची ही पाण्याला. सिगार पेटवायला त्यांना लायटर चालत नाही, लायटरच्या गॅसचा वास लागतो म्हणे. म्हणून लाकडाची एक पातळ पट्टी आमच्या शेगडीवर पेटवून तिच्यावर ते सिगारचं टोक पापडासारखं फिरवून फिरवून भाजतात. त्यांचं टोक कापायचं हत्यार आमच्या घरात 'अडकित्ता' याच नावाने ओळखलं जातं. एकदा नोव्हेंबरात, समोरची बिल्डिंग दिसेनाशी झालेली असताना, शेजारचे भाईसाहब बाल्कनीतून खोकत म्हणाले की आप के यहाँ से धुआँ आ रहा है. साडूभाऊंनी जागच्या जागी थांबून, म्हणजे त्यांच्या मानाने फारच मोठा मान देऊन, त्यांना विचारलं की एवढ्या धुरातून आमचा धूर तुम्ही वेगळा कसा काढलात, शाबास आहे तुमच्या नाकाची. भाईसाहब आत निघून गेले.

हे सगळं आमच्या घरी का, तर ताईंनी त्यांच्या घरात सिगारला कायमची बंदी घातली आहे. पडद्यांना वास लागतो. त्यामुळे साडूभाऊंचा सगळा साठा आमच्याकडे असतो. पूर्वी आम्ही सहलीला थंड पाण्यासाठी न्यायचो तो जाड झाकणाचा निळा डबा त्यांनी ताब्यात घेतला, आतून देवदाराच्या पट्ट्या बसवल्या, एका वाटीत ओला स्पंज ठेवला आणि हवेतली ओल मोजणारा एक छोटा मीटर चिकटवला. सिगारला दिल्लीची हवा बिल्कुल सोसत नाही. मे महिन्यात तो वाळून कडकडीत होतो आणि जुलैत त्याला बुरशी धरते. आकडा पासष्ट ते सत्तरच्या मध्ये राहिला पाहिजे, आणि तो तसा राहतोय की नाही हे बघायची जबाबदारी, मी आयुष्यात एकही सिगार ओढलेला नसताना, माझ्यावर आली. रोज दुपारी नोएडाला ऑफिसात मला त्यांचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. 'किती?' एवढंच. मी सकाळी बघून ठेवलेला आकडा सांगतो. फोनमध्ये मागे त्यांच्या चपलांचा फटक फटक आवाज चालू असतो, कारण फोनवरही हा माणूस उभा राहत नाही. मग 'दोन चमचे पाणी घाला' किंवा 'झाकण जरा उघडं ठेवा' असा हुकूम होतो आणि फोन बंद. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने एक वर्षभर हे ऐकून शेवटी मला हळूच विचारलं, 'यार, अंकल की शुगर अब कंट्रोल में है?'

तर त्या डब्यात वर्षानुवर्षं फक्त क्यूबाचा माल असायचा. सिगार म्हणजे क्यूबा, बाकी सगळा पालापाचोळा, असं साडूभाऊंचं मत होतं, आणि मत कसलं, व्रतच होतं ते. त्याला कारण होतं. सव्वीसाव्या वर्षी ते पुण्याहून फरीदाबादच्या एका कारखान्यात आले तेव्हा त्यांना धड हिंदी येत नव्हतं. थंडीने ओठ फुटलेले, राहायला एक खोली, आणि रोज संध्याकाळी परत जावं असा विचार. कारखान्याचे मालक होते त्यांना सगळे बडे साहेब म्हणायचे. साडूभाऊंनी बसवलेलं पहिलं मोठं यंत्र ज्या दिवशी न कुरकुरता चाललं, त्या दिवशी बड्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं, समोर बसवलं आणि स्वतःच्या पेटीतला क्यूबाचा सिगार दिला. 'अब तुम कहीं नहीं जाओगे,' असं म्हणाले. साडूभाऊ खरंच कुठे गेले नाहीत. बडे साहेब वारले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या पेटीतला शेवटचा एक सिगार साडूभाऊंनी जपून ठेवला आहे. जुने सहकारी दिवाळीत जमले की साडूभाऊ त्यांच्यापुढे अजूनही क्यूबावर व्याख्यान देतात. तिथली लाल माती, तिथला वारा, तिथल्या बायकांचे पान वळणारे हात. क्यूबाला हे स्वतः कधी गेलेले नाहीत, आणि गेले असते तरी विमानात बसले असते का, ही मला शंका आहे.

एकदा माझ्या ऑफिसातल्या एकाने परदेशातून निकाराग्वाचे सिगार आणले आणि मला भेट दिले. मी बापडा ते कौतुकाने साडूभाऊंपुढे धरले. त्यांनी एक उचलून कानाशी नेला, दाबला, हुंगला आणि म्हणाले की मच्छर फार झाले की वापरा. मी गुपचूप ते डब्याच्या तळाशी ठेवून दिले.

मग दिवस फिरले. क्यूबाचा माल मिळेनासा झाला. जो मिळायचा त्याची किंमत ऐकून ताईंना सांगायची सोय नव्हती, आणि जो परवडायचा तो नकली निघायचा. खरा असला तरी इतका घट्ट वळलेला की ओढून ओढून गाल आत जायचे आणि धूर काही यायचा नाही. साडूभाऊ दोन येरझाऱ्यांत तीनदा पेटवायला शेगडीकडे यायचे. पण तक्रार मात्र एका शब्दाने नाही. 'हवा पडलीय आज,' म्हणायचे. स्वतःच्या माणसाची चूक झाकावी तसं हे बोलणं असायचं, आणि मला त्यांची दया यायची.

अशाच एका रविवारी त्यांनी मला सांगितलं की ते मच्छरवाले आहेत ना तळाला, एक काढा, बघू तरी लोक काय ओढतात. पेटवला. बाल्कनीत गेले. मी आत पेपर वाचत होतो. थोड्या वेळाने मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. चपलांचा आवाज बंद झाला होता. मी घाबरून धावत बाल्कनीत गेलो, तर साडूभाऊ खुर्चीत बसले होते. पाय लांब केलेले, डोळे अर्धवट मिटलेले, हातात निकाराग्वाचा सिगार आणि त्याला बोटभर पांढरी राख, तिला झाडायचंही भान नाही. मी आमच्या हिला खुणेने बोलावलं. आम्ही दोघं दारात उभं राहून ते दृश्य पाहत होतो. मला ते पाहून इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग त्यांचं आमच्याकडे लक्ष गेलं आणि चोरी पकडल्यासारखे ते ताडकन उठले. राख मोगऱ्यात पडली. मला एका बाजूला घेऊन म्हणाले, 'हे कारखान्यातल्या कुणाच्या कानावर जाता कामा नये. आणि तुमच्या ताईच्याही नाही.'

त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता उरली नाही, म्हणजे आधी होती ती सुद्धा. एका रविवारी निकाराग्वा, बसून. पुढच्या रविवारी मन खाल्लं की क्यूबा, चालत. मध्येच होंडुरास. मध्येच डॉमिनिकनचा एक फिका, 'मऊ भातासारखा' म्हणून नापास केलेला. पुन्हा क्यूबा, पुन्हा शेगडी, पुन्हा 'हवा पडलीय'. डब्यात एकीकडे क्यूबा आणि एकीकडे बाकीचे, मध्ये देवदाराची पट्टी, वास एकमेकांना लागू नये म्हणून. मी त्यांना एकदा म्हटलं की अहो, जे आवडतं ते ओढा, बडे साहेब वरून बघायला येत नाहीत. ते गंभीर होऊन म्हणाले की ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या पाठीमागे असं करू नये.

गेल्या हिवाळ्यात मेट्रोचे जिने चढताना त्यांच्या छातीत दुखलं. हृदयाच्या तीन नळ्या तुंबल्या होत्या. डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारी बायपास ठरवली आणि सिगार आजपासून बंद, कायमचा, असं सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणं ताईंनी मान हलवून ऐकून घेतलं. पण घरी आल्यावर, चाळीस वर्षांत ज्यांनी सिगारचं नाव काढू दिलं नव्हतं त्या ताई नवऱ्याला म्हणाल्या की रविवारी एक ओढा, शेवटचा, माझ्यासमोर. परवानगीचं कारण मला कळलं. ताईंना तो माणूस परत येईल याची खात्री नव्हती.

आणि साडूभाऊंना काळजी कसली, तर कुठला? डब्यात दोनच धड उरले होते. एक बड्या साहेबांच्या पेटीतला क्यूबाचा, आणि एक निकाराग्वाचा. आठवडाभर मला दिवसातून चार चार फोन. 'किती?' मी आकडा सांगायचो. मग चपला थांबल्यासारख्या व्हायच्या आणि ते विचारायचे, 'तुम्हाला काय वाटतं?' शेवटचा म्हणून साहेबांचा ओढला नाही तर त्यांना काय तोंड दाखवू, आणि ओढला आणि तो ओढलाच गेला नाही तर शेवटचा सिगार शेगडीपाशी उभं राहून जायचा. ऑपरेशनबद्दल मात्र अवाक्षर नाही. मला चिडताही येत नव्हतं आणि हसताही.

रविवारी दोघं टॅक्सीने आली. ताई बाल्कनीतल्या खुर्चीवर पदर आवरून बसल्या, परीक्षेला बसावं तशा. साडूभाऊंनी डबा उघडला. क्यूबाचा काढला, शेगडीपर्यंत गेले, परत आले, ठेवला. निकाराग्वाचा काढला, अडकित्त्यात धरला, परत ठेवला. चार पावलं भिंत, चार पावलं मोगरा. चालताना दम लागत होता, तरी थांबेनात. आमची ही दारात उभी राहून ओठ चावत होती. अर्धा तास झाला. शेवटी ताई म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. पण ज्याच्याने तुम्ही बसता, तो ओढा."

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी आमच्या हिच्याकडे पाहिलं. हिने मोगऱ्याकडे पाहिलं. दोन सख्ख्या बहिणींमध्ये गुपित राहील असं समजणारे आम्ही दोघेही साडू तेवढेच शहाणे.

"म्हणजे तुला ठाऊक होतं," साडूभाऊ म्हणाले. ताई म्हणाल्या की पहिल्या दिवसापासून. मग ते हळू आवाजात म्हणाले, "साहेबांना वाईट वाटेल गं."

"साहेब गेले," ताई म्हणाल्या. "तुम्ही राहायचं आहे."

साडूभाऊ खाली बसले. खुर्चीत नाही, तिथेच ताईंच्या पायाशी, जमिनीवर. हातात काहीही नसताना. मग त्यांनी दोन्ही सिगार डब्यात ठेवले, मधली देवदाराची पट्टी काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि मला म्हणाले की आल्यावर ठरवू.

ते आले. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टर खूष होते. सिगार सुटला तो सुटलाच, ताईंची परवानगीही संपली. पण माणूस बदलला. महिनाभराने आमच्याकडे आले ते टॅक्सीने, बाल्कनीतल्या खुर्चीत बसले, आणि दोन तास बसूनच राहिले. चहा जागेवर, खाणं जागेवर. आमटीत मीठ कमी होतं तरी उठले नाहीत. डब्याची चौकशीसुद्धा केली नाही. इतकी वर्षं मी ज्या माणसाला 'अहो, बसा की जरा' म्हणत आलो, त्याला असं बसलेलं बघून मला कसंसंच व्हायला लागलं. हे बसणं निकाराग्वाचं नव्हतं, दमलेल्या माणसाचं होतं. दुपारचे फोनही बंद झाले. मी तरी रोज सकाळी झाकण उघडून आकडा बघत राहिलो. दोन सिगार शेजारी शेजारी पडलेले असायचे. कुणी विचारणार नाही हे माहीत असूनही स्पंजवर पाणी घालत राहिलो. सवय, दुसरं काय.

परवा पहिला मोठा पाऊस होऊन गेला आणि ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन वाजला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"किती?"

मी दोन दिवस बघितलं नव्हतं. तरी म्हटलं, "बहात्तर."

"जास्त आहे. झाकण उघडं ठेवा." आणि मग थोडं थांबून, "साहेबांचा वरच्या बाजूला ठेवा हां. अजून ठरलेलं नाही माझं."

मी हो म्हणालो आणि फोन कानाशी तसाच धरून मीटिंगमधून बाहेर आलो. ते बोलायचे थांबले होते, पण फोन बंद करायला विसरले होते. पलीकडे त्यांच्या घरात चपला वाजत होत्या. चार पावलं, थांबणं, पुन्हा चार पावलं. मागून ताई ओरडत होत्या की अहो, बसा की जरा. मी बराच वेळ कॉरिडॉरमध्ये ते ऐकत उभा राहिलो.