पत्र्यावरचे धोंडे

माझा स्वभाव मुळातच हेकट. त्यात विज्ञानाचा शिक्षक, म्हणजे कुणी काही सांगायला आलं की आधी नाक वर. ताडकळसला घरामागं भाड्यानं द्यायला पत्र्याची खोली बांधत होतो, तेव्हा वेल्डिंगवाला म्हणाला, "सर, पत्रे हुकानं पायपाला आवळून घेऊ. वारं लागलं की उचलतेत बगा."

"अन् हुकाच्या छिद्रांतून पावसाळाभर गळेल, ते कोण निस्तरणार? धोंडे ठेवा. सगळं गाव ठेवतं."

त्यानं हुकं परत पिशवीत टाकली. वावरातले आठ-दहा धोंडे वर चढले. त्याला गप्प केल्याचं मला समाधान वाटलं, हे कबूल करतो.

दरवर्षी मी वर्गात कागदाची पट्टी ओठांशी धरून वरून फुंकर मारतो. पट्टी वर उठते. वादळात छपरं अशीच उडतात, असं पोरांना सांगतो. त्या वर्षीही सांगितलं होतं. मग घरी येऊन धोंडे ठेवले.

खोलीत एक बाई राहायला आल्या. एकट्याच, शिलाई मशीनवर पोट. मे महिन्यात एका दुपारी वादळ सुटलं. पत्रे उडून मागच्या वावरात पडले आणि धोंडे खाली खोलीत. त्यातला एक बाईंच्या उजव्या मनगटावर आला. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण बोटांचं सांगता येत नाही. मी तेव्हा स्लॅबच्या घरात आडवा झालो होतो. लिहितानाही लाज वाटते.

चार दिवसांनी तलाठी पंचनाम्याला आले. पत्रे आवळले का नव्हते, असं विचारतील म्हणून मी उत्तर घोकून ठेवलं होतं. त्यांनी विचारलंच नाही. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून उभ्या असलेल्या बाईच बोलल्या, "वारंच तसलं आलं हो सायेब. सरायनी तर चांगले भारी भारी धोंडे ठिवले होते. आजून काय करावं माणसानं?"

त्या मनापासून बोलत होत्या. खरं सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. वर्गात मी तासभर बोलतो, तिथं तोंड उघडलं नाही.

तलाठ्यांनी कारण लिहिलं, वादळी वारा. घरमालक म्हणून मी सही केली. मग कागद बाईंपुढे गेला. त्यांना सही येत होती, पण हात उचलेना. त्यांनी डावा अंगठा पुढे केला, आणि शाईचा पॅड मी धरला.